दुपारी दोनचा खवला

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा आधी मला हायसं वाटलं, रडू नंतर आलं. ज्याला जे म्हणायचं ते म्हणू दे. कॉलेजच्या ऑफिसातला शिपाई जिन्यातूनच ओरडला, "आत्मारामभाई, तमारो फोन छे!" मी तेव्हा माशांच्या टबातलं पाणी बदलत होतो, ओल्या हातानेच जाऊन रिसीव्हर उचलला. पलीकडे बाईंची मुलगी शुभदा होती. "काका, आई गेली. जेवून जरा आडवी झाली होती, उठवायला गेले तर…" मी एवढंच विचारलं, "त्रास झाला का गं?" ती म्हणाली, "नाही काका. झोपेतच." मी म्हणालो, सुटल्या. हृदय थकत चाललंय हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा बाई घाबरल्या नव्हत्या. त्यांना धास्ती होती ती एकाच गोष्टीची, की आपल्याला दवाखान्यात नेऊन कुठल्या तरी यंत्राला जुंपतील आणि आपण तिथे महिनोन्‌महिने लोंबकळत राहू. ते त्यांच्या वाट्याला आलं नाही. आज पाच आठवडे झाले, मी घरीदारी हेच बोलतो आहे, आणि बायको म्हणते, आता एकदाचं लिहून टाका म्हणजे आमचे कान तरी मोकळे होतील.

निर्मलाबाई देशमुख आमच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या. माहेर-सासर दोन्ही वर्ध्याकडचं; यजमानांची नोकरी इकडच्या कारखान्यात लागली म्हणून सुरतेला आल्या. वर्गात गुजराती बोलायच्या, पण ते असा वऱ्हाडी हेल काढून की पोरी तोंडाला ओढणी लावून हसायच्या, आणि तरी 'निर्मळाबेन, निर्मळाबेन' करत मागे मागे फिरायच्या. मी धुळे जिल्ह्यातला. सुरतेला आलो तो थोरल्या भावामागे, कतारगामच्या लूम्सवर, म्हणजे यंत्रमागांवर. तीन वर्षं त्या खडखडाटात काढली, डाव्या कानाने ऐकू येईनासं झालं, मग मॅट्रिक पास असल्याच्या जोरावर कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून चिकटलो. चिकटलो तोही हंगामी. दर जूनमध्ये विभागप्रमुख साहेबांनी सही केली तर राहायचं, नाही तर परत लूमवर. बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "आत्मारामभाऊ, मासे चालतात का तुम्हाला?" माझ्या गळ्यात तुळशीची माळ. मी तडकलो, "बाई, माळ दिसत नाही का?" तर म्हणाल्या, "अहो, खायला कोण सांगून राहिलं? पाळायला म्हणते मी." तिथून आमचं जमलं ते जमलंच.

टबात दहा-बारा लहान मासे असायचे, अमरोलीकडच्या तळ्यातून आणलेले. त्यांचा एक खवला चिमट्याने काढायचा, काचपट्टीवर खाऱ्या पाण्याच्या थेंबात ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. माशाला दुखतं का, हे मी तीनदा विचारलं. "केस उपटल्याएवढं. आणि खवला पुन्हा येतो," असं त्यांनी तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा जरा जोरात. मग म्हणाल्या, आता पाहा. मी डोळा लावला. सांडलेल्या शाईला फांद्या फुटाव्यात तशी एकेक काळी पेशी… बाईंनी काचेच्या कडेने ॲड्रिनलिनचा थेंब सोडला, दवाखान्यात इंजेक्शन असतं तेच. थोडा वेळ काही नाही, आणि मग त्या फांद्यांतले काळे दाणे चहूबाजूंनी मधोमध सरकायला लागले. दोन मिनिटांत पेशीच्या पोटात एक ठिपका उरला, फांद्या रिकाम्या. माझ्या तोंडून "अरे बापरे!" निघालं. पेशीत अतिशय बारीक नळ्या असतात, मध्यापासून कडेपर्यंत गेलेल्या, आणि त्यांच्यावरून हे दाणे ये-जा करतात, असं त्या सांगायला लागल्या. दाण्याला ओढणारी प्रथिनं दोन जातींची. एक बाहेर नेतं, दुसरं आत आणतं, आणि दोन्ही एकाच दाण्यावर बसलेली. मी म्हटलं, मग रस्सीखेच होत असेल. "तेच तर ना! होत नाही." बाई एकदम खुलल्या. "एका घरात दोन जावा असल्या, तर एकीने काम हाती घेतलं की दुसरी गप्प बसते, म्हणून घर चालते. कोण ओढते ते लोकांनी शोधून ठेवलं आहे. पण दुसरीला गप्प कोण बसवते, ते मला पाहायचं आहे." मी विचारलं, "सासू?" त्यावर त्या इतक्या हसल्या की चष्मा नाकावरून खाली आला. पुढे कित्येक वर्षं आमच्या प्रयोगशाळेत त्या न सापडलेल्या प्रथिनाला सासूच म्हणत होते.

बाईंची पीएचडी चाळिशीनंतरची. घर, वर्ग, पेपर तपासणं सगळं सांभाळून. मार्गदर्शक बडोद्याला, आणि साधनं म्हणाल तर एक सूक्ष्मदर्शक आणि खेळाच्या विभागातून मागून आणलेलं स्टॉपवॉच. दाणे आत यायला किती वेळ लागतो ते त्या सकाळी आणि दुपारी मोजायच्या आणि वहीत लिहायच्या. होता होता त्या वहीत एक चमत्कार दिसायला लागला. सकाळी दाणे दोन मिनिटांत आत. दुपारी दोनच्या खवल्यात मात्र ते रेंगाळायचे. निम्मे यायचे, निम्मे बाहेरच. आठवडाभर तेच, महिनाभर तेच, अख्खा पावसाळा तेच. मग बाईंनी अंदाज बांधला, की दिवसाच्या वेळेप्रमाणे जागं होणारं एखादं प्रथिन असावं आणि दुपारी ते आत ओढणारीला गप्प बसवत असावं. म्हणजे सासू सापडली! मार्गदर्शक खूश. बडोद्याला एका बैठकीत बाईंनी ते वाचून दाखवलं, प्रबंधातलं सगळ्यात मोठं प्रकरण तेच ठरलं. आमचे साहेब पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते, आणि पीएचडी हातात पडली की ती खुर्ची बाईंची, हे कॉलेजात सगळ्यांना माहीत होतं. मी तर भावाच्या लूमवर जाऊन बोंबलून आलो, आमच्या बाईंनी शोध लावला म्हणून.

आता माझी चिंधी. आमच्यासारख्या खान्देशी लूमवाल्यांच्या घरात गाळणी विकत आणत नाहीत. लूमवरून कापडाचा तुकडा येतो, त्याची चौघडी केली की दूध, ताक, चहा, पाणी, सगळं तिच्यातूनच. संध्याकाळी धुऊन दोरीवर टाकायची. मला लहानपणापासून तेच वळण. प्रयोगशाळेत एक वाजता सगळ्यांचा चहा मी बर्नरवर करायचो. पावडर त्या चिंधीत बांधायची आणि पुरचुंडी उकळत्या पाण्यात सोडायची, म्हणजे चहा कसा कडक उतरतो. आणि बाईंचं खारं पाणी गाळून देण्याचं कामही माझंच. त्याला गाळणकागद लागतो. कागद संपला, मागणीचा अर्ज वर कुठे तरी अडकला, आणि मी म्हटलं, बाईंना कशाला ताप द्यायचा, आपली चिंधी आहे की! सकाळी ती घरून धुऊन वाळवून आणलेली असायची. दुपारी तीच चिंधी, चहाची पावडर झटकून नळाखाली नुसती खळबळलेली. पाण्याला किंचित पिवळट झाक यायची. बाईंनी एकदा विचारलंसुद्धा. मी ठोकून दिलं, "बाटलीच जुनी झालीय, बाई." त्यांचा माझ्यावर विश्वास, त्यांनी मान हलवली.

त्या फेब्रुवारीत पुतणीचं लग्न होतं म्हणून मी आठ दिवस गावी गेलो. परत आलो तर बाई वही पुढ्यात घेऊन बसलेल्या, चेहरा उतरलेला. "आत्मारामभाऊ, तुम्ही काय गेले, दाणे शहाणेच होऊन बसले. आठही दिवस दुपारी दोनला सरळ आत." मी सहज विचारलं, पाणी कोणी गाळलं? "मीच. कपाटाच्या तळाशी गाळणकागदाचा एक जुना गठ्ठा सापडला." आणि माझ्या हातात तेव्हा एकच्या चहासाठी नुकतीच बांधलेली पुरचुंडी… चहा झाला की तिच्यातूनच मी दुपारचं पाणी गाळत आलो होतो. बाई आपल्या हवेला दोष देत होत्या, माशांना दोष देत होत्या, मी मान खाली घालून चहा टाकला.

चार दिवस मी कोणाशी धड बोललो नाही. महिन्याभरात प्रबंध जायचा होता. सांगावं, तर बाईंचं सगळ्यात मोठं प्रकरण मातीत, आणि जूनमध्ये माझ्या कागदावर सही कशाला होतेय? न सांगावं, तर बाई जगाला खोटं सांगणार, आणि तेही माझ्या चहापायी. तिसऱ्या दिवशी तर असंही मनात आलं की चिंधी चालूच ठेवावी, एका महिन्याचा तर प्रश्न, आकडे जुळत राहतील, बाईंचा चेहरा पुन्हा फुलेल. हे लिहिताना आज लाज वाटते, पण आलं होतं मनात. घरी बायकोने जेवणाचं ताट पुढे सरकवलं, मी तसाच बसलेला; तिने खोदून विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. ती आमच्या अहिराणीत म्हणाली, "कसाले डोकं धरीसन बसनात? बाईले सांगी द्या ना. काय करतीन, काढी टाकतीन. मंग लूम शेच." तिला प्रबंध कळत नाही, पेशी कळत नाही, पण मी कुठे अडलोय ते बरोबर कळलं होतं.

पाचव्या दिवशी चहा झाल्यावर बाईंच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिलो. "काहून असे उभे? बोला ना, मी काय खाऊन राहिली तुम्हाला?" मी ओली पुरचुंडी टेबलावर ठेवली आणि सगळं ओकून टाकलं, संपलेला कागद, चिंधी, बाटलीची थाप. बाई ऐकत राहिल्या. मग त्या उठल्या. एका भांड्यात स्वच्छ खारं पाणी घेतलं, दुसऱ्यात तेच घेऊन त्यात पुरचुंडी पिळली. दोन खवले, दोन थेंब, स्टॉपवॉच. स्वच्छ पाण्यातले दाणे आत आले. चहाच्या पाण्यातले फांद्यांना चिकटून बसले ते बसले. त्यांनी मला बघायला लावलं, पुन्हा स्वतः बघितलं, मग स्टूल ओढून खाली बसल्या आणि तोंडावर पदर घेतला. मी हात जोडले. "बाई, मला काढून टाका, पण रडू नका हो." पदर बाजूला झाला तर बाई हसत होत्या, डोळे भरलेले आणि हसत होत्या. "सुटली बाप्पा मी! अहो, दोन महिने झाले मला झोप नाही. सगळे वा वा करून राहिले आणि माझं मन म्हणते, निर्मले, हे खोटं आहे, फक्त कुठे ते सापडून नाही राहिलं. सापडलं बाई एकदाचं!" मीही तिथेच फरशीवर बसलो. आणि हसून झाल्यावर मात्र त्यांनी मला असा झाडला की काय सांगू. चिंधी वापरली ती चूक, चूक कोणाच्याही हातून होते. पण बाटलीचं सांगितलं ती थाप, आणि थापेला प्रयोगशाळेत जागा नाही. त्या दिवसानंतर मी त्यांना एकही थाप मारलेली नाही, अगदी उशीर झाल्यावर बसचीसुद्धा.

भानगड सगळी चहातल्या कॅफीनची. पेशीत एक रसायन असतं. ते भरपूर आहे तोवर बाहेर नेणारीचं चालतं, ते घटलं की आत आणणारीचं. ॲड्रिनलिन ते घटवायला बघतं आणि कॅफीन घटू देत नाही. ही गोष्ट जगाला कधीपासूनच ठाऊक होती, बाईंना ती आठवड्याभरात एका जाड पुस्तकात सापडली. म्हणजे चुकीतून तरी शोध लागला म्हणावं, तर तेही नाही! बडोद्याला पत्र गेलं, मीच पोस्टात टाकलं. "वाचून दाखवलेले निष्कर्ष मागे घेते, द्रावण तयार करताना माझ्या हातून दूषित झालं," एवढाच बाईंचा मजकूर. साहेबांनी बोलावून घेतलं. "बेन, ए पाणी कोण तैयार करतुं हतुं?" मी दाराशी उभा. बाई शांतपणे म्हणाल्या, "हुं ज करती हती, साहेब. मारी भूल छे." माझं नाव आलंच नाही. जूनमध्ये माझ्या कागदावर सही झाली, आणि पुढे दोन वर्षांत मी कायम झालो.

सगळे प्रयोग पुन्हा करायचे ठरले. दिवाळीत सुरतेच्या लूम्स बंद पडतात आणि आमचे खान्देशी गाड्या भरभरून गावी जातात. कतारगामच्या गल्ल्यांत स्वतःच्या चपलेचा आवाज ऐकू येतो अशी शांतता. त्या वर्षी मी गावी गेलो नाही. कॉलेजची किल्ली मागून घेतली, बाई रोज डब्यात चिवडा-अनारसे आणायच्या, आणि आम्ही खवल्यामागून खवला बघायचो. त्या मोजायच्या, मी वहीत लिहायचो. भाऊबीजेला मी मासे मोजत बसलेला, तर बाईंनी पाट नाही, निरांजन नाही, टेबलावरचा स्पिरिटचा दिवा पेटवून मला ओवाळलं. म्हणाल्या, "हालू नका, माळ जळेल." मला सख्खी बहीण नाही. त्या क्षणापर्यंत ते मला कधी फारसं जाणवलंही नव्हतं.

पीएचडी मिळाली, पण अडीच वर्षं उशिरा. तोवर साहेबांची खुर्ची बाईंना ज्युनिअर असलेल्या माणसाकडे गेली होती. बाई त्यांच्या हाताखाली गुमान काम करत राहिल्या, कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. फक्त एक सवय लावून घेतली. रोज दुपारी दोन वाजता, वर्ग असो, परीक्षा असो, एक खवला काढायचा, थेंब सोडायचा आणि डोळा लावून बसायचं. दाणे आत आले की म्हणायचं, "आले." झालं, मग पुढचं काम. प्रबंध कधीच जमा झाला होता, त्या खवल्याचा कोणाला उपयोग नव्हता, तरी रोज. आम्ही हसायचो. गेल्या वर्षी कुठून तरी एका निबंधाची झेरॉक्स आली. ओढणाऱ्यांना आवरायला नळ्यांवरच बसून राहणारी काही प्रथिनं असतात, ती वाट अडवतात, एकीला जास्त, दुसरीला कमी, असं काहीसं त्यात होतं. बाई लहान पोरीसारख्या धावत आल्या. "आत्मारामभाऊ, सापडून राहिली हो सासू! एक नाही, पुष्कळ आहेत!" दुसऱ्यांनी शोधलं याचं वाईट नाही वाटत का, असं मी विचारलं, तर माझ्याकडे अशा बघत राहिल्या की जणू मी भलतंच काही बोललो.

पण माझ्या मनातून ती खुर्ची जात नव्हती. माझी नोकरी राहिली आणि त्यांची बढती गेली, एका चिंधीपायी. सहा वर्षं हे मी गिळून बसलो होतो. शेवटी त्यांच्या घरी गेलो तो बाई जाण्याच्या आधीच्या रविवारी. बाई पलंगावर उशांना टेकून बसलेल्या, पाय सुजलेले, बोलताना धाप लागत होती. मी इकडचं तिकडचं बोललो, कुठल्या माशाला भूक नाही वगैरे, आणि एकदम तोंडातून निघून गेलं, "बाई, तुमची खुर्ची माझ्यापायी गेली." म्हणालो आणि मान वर करवेना. बाई सावकाश, श्वास घेत घेत म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं नसतं ना… तर मी हेड झाली असती. आणि रोज दुपारी दोन वाजले की घाबरली असती." मग म्हणाल्या, "सहा वर्षं मी दोन वाजता पाहून राहिली. एकदाही घाबरली नाही." मी बायल्यासारखा रडलो म्हणा हवं तर, मला त्याचं काही नाही. बाई म्हणाल्या, "आता उठा, चहा टाका. चिंधीत बांधून, कडक. इथे कोणाचे दाणे अडून नाही राहिले." डॉक्टरांनी चहा बंद केला होता. मी अर्धा कप दिला, शुभदाने बघून न बघितल्यासारखं केलं. त्या दिवशी घरी येताना छातीवरून दगड उतरलेला माणूस कसा चालतो तसा मी चालत होतो.

बाई गेल्यावर तीन आठवडे त्यांच्या टेबलाला कोणी हात लावला नाही. सूक्ष्मदर्शकावर त्यांनीच शिवलेली खोळ, बाजूला स्टॉपवॉच. नव्या बाईंना हे टेबल द्यायचं म्हणून मला आवरायला सांगितलं. मी खोळ काढली, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर गेली तर दोनला पाच कमी. हातातलं फडकं बाजूला ठेवलं. टबातून एक मासा ओंजळीत घेतला, चिमट्याने एक खवला काढला, मासा लगेच परत सोडला. कागदातून गाळलेलं खारं पाणी, त्यात खवला, कडेने एक थेंब. चौदा वर्षं दुसऱ्याला हे सगळं हातात दिलं, स्वतः पहिल्यांदा करत होतो. डोळा लावला. फांद्या काळ्या… काळ्याच… स्टॉपवॉच न घेता मनातच आकडे मोजत राहिलो. शंभरच्या आसपास दाणे हलले, मधे सरकायला लागले, आणि एकेक करून सगळे आत येऊन बसले.

खोलीत कोणी नव्हतं. तरी मी मोठ्याने म्हणालो, "आले, बाई."